पिशव्यांची पिशवी आणि पुण्यसंचय

मराठी घरात देव्हारा कुठल्या दिशेला असावा यावर जाणकारांचे मतभेद असतील, पण पिशव्यांची पिशवी कुठे असावी यावर सर्व जातीधर्मांचं एकमत आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्याला. तिच्या पोटात एकूण किती पिशव्या आहेत हे घरच्या कर्त्या बाईलाही सांगता येत नाही, पण त्यातली एक जरी कुणी विचारल्याशिवाय काढली तर तिला माजघरात बसून आवाजावरून कळतं. ‘कुठली घेतलीस? ती नको, ती चांगली आहे!’

कारण या पिशवीत कडक उतरंड असते. सगळ्यात वर साडीच्या दुकानाची जाड, दोरीच्या बंदांची पिशवी. ती वापरायची नसते, ती असायची असते. फारच झालं तर लग्नाचा आहेर तीत घालून न्यायचा आणि आहेर दिला की पिशवी घडी करून काखेत मारून परत आणायची. तिच्याखाली मिठाईच्या दुकानाची, मग औषधवाल्याची आणि तळाला भाजीवाल्याची पातळ. या व्यवस्थेत बढती नाही, फक्त पदावनती आहे. बंद तुटला की आहेराची पिशवी चपलांची होते, चपलांची पिशवी पावसाळ्यात स्कूटरच्या सीटवर चढते आणि ऐन पावसात सापडलं तर सीटवरून मालकाच्या डोक्यावर. तिथून पुढे कचरा. या सगळ्या प्रवासासाठी कुणीही कधी मोहीम काढली नव्हती, सेल्फी पॉइंट उभारला नव्हता, शपथ दिली नव्हती.

सांगायचा मुद्दा हा की आपण मुळात फेकणारी माणसं नव्हे. आपण साठवणारी माणसं. श्रीखंडाचा डबा संपल्यावर त्याचं खरं आयुष्य सुरू होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अशा समाजाला पर्यावरणाची जाग आणायची म्हटल्यावर गोंधळ होणारच, आणि तो झाला.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू केला. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांची आणि ती ज्यातून न्यायची त्या पिशवीचे पाच हजार, असा तो हिशेब होता. पहिले काही दिवस लोक खरोखर हादरले. रविवारी मटणाच्या दुकानापुढे माणसं स्टीलचे डबे घेऊन रांगेत उभी राहिली, आणि डब्याच्या आकारावरून कुणाकडे पाहुणे येणार आहेत हे साऱ्या आळीला कळू लागलं. इडलीवाल्याकडे सांबारासाठी किटली आली. चहाची नव्हे, दुधाची. आजोबांच्या काळातली, माळ्यावरून काढलेली.

मग पावसाळा सरता सरता पिशवी परत आली. आधी राजरोस लटकत असे, आता भाजीवालीच्या पोत्याखालून येऊ लागली. ‘दादा, पिशवी नाही आणली?’ ‘विसरलो हो.’ मग डावीकडे बघून, उजवीकडे बघून, अफूची पुडी द्यावी तशी ती हातात पडायची. ‘घ्या. पण चौकातनं जाऊ नका.’ मेथीची जुडी नेताना आयुष्यात इतकी धडधड कधी झाली नव्हती.

सरकारलाही याची कल्पना असावी, म्हणून त्यानं मायक्रॉनचा, म्हणजे पिशवीच्या जाडीचा, मार्ग आधीच धरला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि नाले तुंबवण्यात पिशव्यांचाही हात असल्याचं सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर २००६ मध्ये राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. देशाच्या पातळीवर १९९९ साली २० मायक्रॉनची अट होती, २०११ मध्ये ४० झाली, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून १२०. मध्यमवयीन माणसाप्रमाणे पिशवी दर काही वर्षांनी जाड होत गेली. यामागचा विचार चुकीचा नाही. जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट देणार नाही. आणि तिला वजन असतं, म्हणून कचऱ्यातून कुणीतरी ती उचलेल. प्रश्न एवढाच की भाजीच्या गाडीवर तराजू असतो, मायक्रोमीटर नसतो. जप्ती करायला आलेला माणूसही पिशवी अंगठा आणि तर्जनीत चोळून, डोळे बारीक करून निकाल देतो. साडीचा पोत जोखणाऱ्या आपल्या मावश्या-आत्यांना या खात्यात घेतलं असतं तर काम चोख झालं असतं.

राज्याच्या २०१८ च्या बंदीतून दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण एका अटीवर. पिशवीवर परतखरेदीची किंमत छापायची, किमान ५० पैसे. आता २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, पण ५० पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं. फक्त ते चालवून घेणारा माणूस सापडत नाही. म्हणजे कायद्यानं चालणारं पण व्यवहारात न चालणारं नाणं, कायद्यानं परत घेतल्या जाणाऱ्या पण व्यवहारात परत न जाणाऱ्या पिशवीसाठी. जोडा मोठा अनुरूप होता.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी हा छापील हक्क बजावायचं ठरवलं. रोज पिशवी उलटी करून धुवायची, स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची, वाळली की आपोआप गळून पडते ती उचलायची आणि रबर लावून गठ्ठा करायचा. ओट्यामागची भिंत त्या दिवसांत दुधाच्या कंपनीच्या कचेरीसारखी दिसायची. शेवटी गठ्ठे घेऊन ते डेअरीत गेले.

‘काका, हे काय?’

‘पिशव्या. पन्नास पैसे प्रत्येकी. तुमच्याच पिशवीवर छापलंय.’

डेअरीवाल्यानं पिशवी वाचली. इतकी वर्षं विकून ती वाचायची त्याची पहिलीच वेळ असावी. ‘आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, काका.’ काका हलेनात. मागे रांग वाढली. अखेर काउंटरवरच्या बरणीत हात घालून त्यानं तडजोड केली आणि काकांच्या ओंजळीत मूठभर चॉकलेटं ठेवली. प्रत्येक चॉकलेट प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन्ही टोकांना पीळ दिलेलं.

प्लास्टिकला पर्याय म्हणून कापडी पिशवी आली, तिचीही कथा ऐकण्यासारखी आहे. आता ती कार्यशाळेत मिळते, बँकेत मिळते, वाढदिवसाला मिळते, मुंजीत नारळाबरोबर मिळते, आणि निवडणूक जवळ आली की इच्छुक उमेदवाराच्या हात जोडलेल्या फोटोसह मिळते. परिणामी दाराआड आता दुसरा खिळा आला आहे आणि त्यावर कापडी पिशव्यांची कापडी पिशवी लटकते आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये हिशेब मांडला होता, की सुती पिशवीमुळे हवामानाला होणारा तोटा दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीइतका खाली आणायचा तर ती १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायचा, सूत कातायचं, विणायचं, यात पाणीही जातं आणि वीजही. आमच्या घरच्या सगळ्या कापडी पिशव्यांचं हे ऋण फेडायचं तर नुसत्या भाजीच्या फेऱ्या मारायला वंशजांची नेमणूक करावी लागेल.

त्यातही बऱ्याच ‘कापडी’ पिशव्या कापडी नसतातच. हाताला जराशी खरखरीत, बारीक ठशांची, दुकानदार ‘कापडाची आहे, वापरा’ म्हणून देतो ती पॉलिप्रॉपिलीनची असते. म्हणजे बादलीचं आणि बागेतल्या खुर्चीचं जे प्लास्टिक, तेच. फक्त तंतू काढून, न विणता दाबून चिकटवलेलं. काही महिने उन्हात राहिली की तिचा भुगा होतो आणि तो झाडूनही निघत नाही. तिच्यावर हिरव्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘प्लास्टिक टाळा, वसुंधरा वाचवा.’

अर्थात चांगल्या हेतूची ही परंपरा जुनी आहे. प्लास्टिकची बंदाची पिशवी ज्यांच्या नावावर आहे ते स्टेन गुस्ताफ थुलिन हे स्वीडनचे अभियंते. १९६० च्या दशकात त्यांनी ती आणली. कागदी पिशव्यांपायी झाडं तुटतात, त्यापेक्षा हलकी आणि टिकाऊ पिशवी लोक पुन्हा पुन्हा वापरतील, असं त्यांना वाटत होतं, असं त्यांच्या मुलानं पुढे सांगितलं. ते स्वतः पिशवी घडी करून खिशात बाळगायचे. म्हणजे वृत्तीनं थुलिनसाहेब आपल्यातलेच होते. जगाला पिशवी मिळाली, घडी मिळाली नाही.

पण खरा अनुभव घ्यायचा तर गृहसंकुलात राहावं. तिथे एखादी उत्साही समिती असतेच. व्हॉट्सअॅपवर गट निघतो, त्याच्या नावापुढे तीन पानं आणि एक पृथ्वी. मग ‘प्लास्टिक संकलन रविवार’ जाहीर होतो आणि फाटकावर त्याचा मोठा फ्लेक्स लागतो. हा फ्लेक्स पीव्हीसीचा असतो आणि संकलनात पीव्हीसी घेत नाहीत, हे दोन्ही त्याच फ्लेक्सवर लिहिलेलं असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चार रंगांचे चार ड्रम येतात. कुठल्या रंगात काय टाकायचं याचा तक्ता गटावर येतो आणि ‘सुप्रभात’च्या फुलांखाली गाडला जातो.

अट अशी असते, की प्लास्टिक स्वच्छ हवं, कोरडं हवं आणि लेबल काढलेलं हवं. ज्या संकुलात एप्रिलपासून टँकर येतो, तिथे मग सॉसची बाटली विसळायला बादलीभर पाणी जातं. तेलाची पिशवी तर साबणानं, मग गरम पाण्यानं, मग पुन्हा साबणानं धुतात, तरी तिचा चिकटपणा जात नाही. धुणाऱ्याच्या हातांना मात्र दिवसभर शेंगदाण्याचा वास येतो. लेबल काढण्याचं काम घरातल्या निवृत्त पुरुषाकडे जातं. नखानं सुरुवात, मग चमचा, मग हेअर ड्रायर. सेवानिवृत्तीनंतर इतकं एकाग्र त्यांना कुणी पाहिलेलं नसतं.

रविवारी ड्रमांपुढे रांग लागते आणि कॉलेजात जाणारी दोन पोरं एकेकाची पिशवी तपासतात. दहावीच्या निकालाला नसेल एवढा ताण तिथे असतो.

‘काकू, ही धुतलीय?’

‘अरे, दोनदा!’

पोरगा वास घेतो. ‘लोणचं होतं ना?’

‘होतं. मग काय झालं?’

‘आणि हे चिप्सचं पाकीट चालत नाही. गोळ्यांची पट्टी चालत नाही. टूथब्रश चालत नाही. टूथपेस्टची ट्यूब चालत नाही. थर्मोकोल चालत नाही.’

‘मग तुम्हाला चालतं तरी काय?’ काकू विचारतात, आणि त्यांचा प्रश्न अख्ख्या चळवळीला लागू पडणारा असतो. दुपारी टेम्पो येतो. चार ड्रमांमधला माल एकाच टेम्पोत, एकावर एक ओतला जातो. रांगेतलं कुणीतरी कळवळून ओरडतं, तर ड्रायव्हर सांत्वन करतो, ‘पुढे परत वेगळं करतात, साहेब.’ आठवडाभर हेअर ड्रायर धरून बसलेले गृहस्थ तेव्हा शांतपणे जिना चढू लागतात.

नाकारलेल्या मालासाठी समितीनं ‘इको ब्रिक’ काढली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत चिप्सची आणि बिस्किटांची वेष्टनं काडीनं ठासून भरायची. बाटली विटेसारखी घट्ट झाली की तिच्यापासून बाक बांधायचा. मुलांना फार आवडलं. वेष्टनं कमी पडू लागली म्हणून चिप्स आणावे लागले, आणि बाटल्या कमी पडू लागल्या म्हणून थंड पेयं. बाक अजून झालेला नाही. विटा जिन्याखाली आहेत आणि त्यांच्यामागे मांजर व्यायली आहे, म्हणून त्या हलवता येत नाहीत.

हे सगळं रोज सकाळी एक बाई कट्ट्यावर बसून पाहते. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी. समितीनं रंगीत ड्रमांत आठवड्यानं केलेलं वर्गीकरण त्या दोन मजल्यांच्या कचऱ्यावर, बोलता बोलता करतात. बाटली दाबून बघतात, डबा नखानं खरवडतात, एखादा तुकडा वाकवून त्याचा आवाज ऐकतात. पाण्याची बाटली एका पोत्यात, तिला त्या कंपनी कुठलीही असो ‘बिसलेरी’च म्हणतात. दुधाची पिशवी दुसऱ्यात. कडक प्लास्टिक वेगळं. पुठ्ठा वेगळा. चिप्सचं पाकीट बाजूला, ओल्या पालापाचोळ्याशेजारी.

बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ मधला एक आकडा, हे मी त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवलं. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं १९८८ मध्ये ही खूण आणली. आपण समजतो, त्रिकोण आहे म्हणजे याचं रिसायकलिंग होणार. खूण फक्त प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे ते सांगते. पुढे त्याचं काय होणार याची हमी देत नाही.

मावशींनी त्रिकोण पाहिला आणि बाटली पोत्यात टाकली. ‘काका, तुम्ही लोक खूण बघता. आम्ही भाव बघतो.’

‘आणि या पाकिटाला?’

‘त्याला कोण घेतंय! दिवसभर गोळा केलं तरी वजन होत नाही.’

अख्ख्या रिसायकलिंगचं अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आहे. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर असतात आणि त्यांत अॅल्युमिनियमचा अगदी पातळ पदर. चिप्स कुरकुरीत राहतात ते त्याच्यामुळे, आणि पाकीट कुणी विकत घेत नाही तेही त्याच्यामुळेच, कारण हे थर परवडेल अशा खर्चात सुटे होत नाहीत. मग तुम्ही ते गंगाजलानं धुवा, इस्त्री करा, हळद-कुंकू वाहा. भंगारवाला हात लावणार नाही. त्याचा अंतिम मुक्काम फार तर सिमेंटची भट्टी, नाही तर कचरा डेपो. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला सुमारे ९ टक्केच रिसायकल झाला, असा रोलंड गेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ मधला अंदाज आहे. उरलेल्या ९१ टक्क्यांत आपल्या सद्भावनेची कमतरता नव्हती. भावाची होती.

आपल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. बोहारीण दारात येऊन बसायची, जरीच्या साडीचा काठ उजेडात धरायची आणि एका पातेल्यावर अर्धा तास घासाघीस चालायची. तिनं पृथ्वी वाचवण्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण तिच्या हातून एक चिंधी वाया गेली नाही. रद्दीवाल्याचा काटा खोटा असेल, त्याची नजर खोटी नव्हती. जी वस्तू वापरून झाल्यावरही कुणाला तरी हवी असते, ती उकिरड्यावर जात नाही.

मग ज्याला वापरल्यावर शून्य भाव आहे, असं वेष्टन बनवायची मुभा मुळात कशी? हाच प्रश्न नियम करणाऱ्यांनाही पडला होता. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं, की रिसायकल न होणारी बहुपदरी वेष्टनं दोन वर्षांत बंद करायची. ती दोन वर्षं संपली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, त्या वाक्यात दुरुस्ती झाली. ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा उपयोगही नाही, अशी शेपटी त्याला जोडली गेली. आता भट्टीत टाकल्यावर जळणार नाही असं पाकीट शोधायला कुठे जायचं? वाक्य लांबलं, पाकीट वाचलं. त्याच मार्च महिन्यात आम्हाला कोथिंबिरीच्या पिशवीसाठी ५ हजारांच्या दंडाची अधिसूचना निघाली होती, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.

कचरा नेमका कुणाचा, याचं सर्वांत स्पष्ट उत्तर दिलं ते पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी. १९९३ मध्ये त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, पुढे २००८ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सॅनिटरी नॅपकिनमध्येही प्लास्टिक असतं, आणि उघडे टाकलेले नॅपकिन या बायकांना हातानं वेगळे करावे लागत. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले नॅपकिन भरले आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले. ना फ्लेक्स, ना शपथ, ना सेल्फी. मालकाचा माल मालकाला. उत्पादकावर त्याच्या वेष्टनाची जबाबदारी टाकणारे नियम आज कागदावर आहेत, पण ते वाचून कळत नाहीत इतके लांब आहेत. त्या पार्सलाचा अर्थ उघडणाऱ्याला पहिल्या श्वासात कळला असेल.

तेव्हा वाचकहो, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवाच, कारण तो मिसळला की कुणाचे तरी हात त्यात जातात. नॅपकिन कागदात गुंडाळून खूण करून द्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. पिशवीला भाव आहे, त्या सुट्या तुकड्याला नाही. चिप्सच्या पाकिटावर मात्र टँकरचं पाणी घालवू नका, ते पाप तुमचं नाही. आणि पुढच्या वेळी दुकानात चकचकीत पाकीट हातात घेतलंत की दुकानदाराला विचारा, ‘रिकामं झालं की परत घ्याल का?’ तो हसेल. हसू द्या. पाकीट मात्र त्याच्याच फळीवर ठेवून या.